दिवसभर नॅशनल

पहाटेपासून गेलेली लाईट आली आणि पाठोपाठ बाहेरच्या खोलीतला टीव्ही ओरडला. रात्री सासऱ्यांनी आवाज शेवटच्या रेघेपर्यंत नेऊन ठेवलेला, बटणही तसंच चालू राहिलेलं. त्यामुळं दिल्लीच्या राष्ट्रीय वाहिनीवरचं सकाळचं भजन मधल्याच ओळीपासून, ढोलकी-झांजांसकट, घरात कोसळलं. दानेश्वरीच्या हातातलं पिठाचं ताट निसटलं. समोरच्या पत्र्यावरची कबुतरं भर्रकन उडाली. खालच्या मजल्यावरच्या बनाबाईंनी सवयीनं काठीचं टोक छताला ठोकलं. हे सगळं एका दमात झालं आणि त्याच दमात तिला दिसलं, की स्वयंपाकघराच्या फरशीवर दाराकडं पाठ करून बसलेल्या तेजूनं मान वर केली नाही. ती कपड्यांचे चिमटे एकमेकांत अडकवत होती. निळा लालला, लाल परत निळ्याला. ताट गरगरत जाऊन तिच्या पावलाला लागलं तेव्हा कुठं ती दचकली, वळली आणि आईकडं बघून हसली.

दानेश्वरी खाली बसून पीठ गोळा करत राहिली. ताटाभोवतीचं पीठ, फटीतलं पीठ, तेजूच्या पायाच्या बोटांवरचं पीठ. मनात अजून काही आलंच नव्हतं. 'दानव्वा,' सासरे बाहेरून ओरडले, 'लाईट आली बघ.' घरात ही गोष्ट एकट्या त्यांनाच कळल्यासारखं. खरं तर चनबसाप्पांना आवाज कळलाच नव्हता, पडदा उजळलेला दिसला होता. शिरोलीच्या एका फौंड्रीत, ओतलेल्या लोखंडाच्या कडा घासून काढायच्या खात्यात त्यांची उमर गेली. घासायच्या चाकानं आधी बारीक आवाज नेले, पाखरं, पैंजण, बायकोचं पुटपुटणं. मग हळूहळू मोठेही नेले. मल्लेशनं, म्हणजे दानेश्वरीच्या नवऱ्यानं, वडलांसाठी कानातलं यंत्र आणलं होतं. ते त्यांनी चार दिवस लावलं आणि डबीत घालून देवळीत ठेवून दिलं. 'फौंड्री परत डोस्क्यात शिरल्यागत वाटतंय,' म्हणाले. सासूबाई गेल्यापासून त्यांचा दिवस नॅशनलवर चालतो. दुसरी वाहिनी ते लावत नाहीत. भजन लागलं की अंघोळ, शेतीचा कार्यक्रम लागला की चहा, दुपारच्या सिनेमात डुलकी, संध्याकाळच्या बातम्यांना रक्तदाबाची गोळी. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं कुणाच्या लक्षातही आलं नाही. ऐकू काही येत नाही, पण जुन्या मालिका त्यांना पाठ आहेत, आणि बातम्यांच्या आधीची धून, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणं, छातीत ऐकू येते. धून लागली की ते खुर्चीतूनच टाचेनं ठेका धरतात. शनिवार पेठेतल्या या घराची बाहेरची खोली फळ्यांच्या जमिनीची. त्यांची टाच पडली की खाली बनाबाईंच्या चहात तरंग उठतात, असं बनाबाई सांगतात.

त्यामुळं हे घर ओरडणाऱ्यांचं आणि हातवाऱ्यांचं झालं होतं. जेवायला या म्हणजे बोटं तोंडाशी. चहा म्हणजे अंगठा. मल्लेश कामावर गेला म्हणजे डोक्यावर हेल्मेटचा आकार. आणि एक खूण त्यांच्या पाठीमागची. गॅसवाला, मीटरवाला, नवं पावणं, कुणीही येऊन त्यांच्याशी बोलायला लागलं की घरातलं कुणीतरी त्यांच्या खुर्चीमागं उभं राहून कानाशी बोट नेतं आणि मग पंजा हवेत पुसतं, पाटीवरचं अक्षर पुसावं तसा. आलेला माणूस समजतो, आवाज चढवतो. दानेश्वरी लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी मिसळणाचा डबा दाखवायच्या आधी तिला ही खूण दाखवली होती. 'त्यास्नी दिसू द्यायची न्हाई हं,' त्या म्हणाल्या होत्या, 'जिवाला लावून घेत्यात.'

अशा घरात तेजस्वी जन्मली. दीड वर्ष उलटून गेलं तरी तिच्या तोंडी शब्द नव्हता. आवाज होते, खारीच्या चिरचिरण्यासारखे, हसण्याचे, रुसण्याचे. शब्द नव्हता. कारणं मात्र भरपूर होती आणि सगळी घरच्या घरी मिळणारी. गडहिंग्लजकडून दानेश्वरीची आई, रत्नव्वा, फोनवर सांगायची, 'घरात कानडीबी हाय, मराठीबी हाय. लेकरानं कुठली धरायची? गोंधळलंय ते.' सासरे म्हणायचे, 'मल्लेशबी तीन वरसाचा होईस्तोवर मुकाच हुता. आता बघ, थांबतोय का.' दानेश्वरीचं स्वतःचं कारण टीव्ही हे होतं. तिनं मोबाईलवर वाचलं होतं, पडद्यासमोर वाढलेली मुलं उशिरा बोलतात. मग तिला तो आवाज दिवसभर अंगावर आल्यासारखा वाटायचा. शेतीतला तज्ज्ञ, पाककृती सांगणारी बाई, सिनेमातला न्यायाधीश, हे सगळे तिच्या मुलीच्या वाट्याचे शब्द बोलून संपवताहेत असं वाटायचं. सासऱ्यांना टीव्ही बंद करा कसं सांगायचं, याचा ती महिनाभर विचार करत होती. एवढं बघणारी ती. तेजूच्या अंगावरचा पुरळ, शीचा रंग, झोपेतला श्वास. ताप नसताना थर्मामीटर. मल्लेश चिडायचा. 'तू लई बघतीस तिच्याकडं. बघितलं की दिसतंय काय ना काय.' आणि हे मात्र तिला दिसलं नव्हतं. तिनं पीठ पुन्हा चाळायला घेतलं. दिसलं नव्हतं, की बघितलं नव्हतं?

शेतीचा कार्यक्रम लागला. कुठल्या तरी कोरड्या प्रांतातल्या बोरांविषयी एक गृहस्थ हिंदीतून फार मायेनं बोलत होते. दानेश्वरीनं सासऱ्यांना चहा दिला आणि परत येऊन तेजूच्या मागं उभी राहिली. 'तेजू,' ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं. मग तिनं वाटीवर चमचा मारला. चिमटे एकमेकांत अडकत राहिले. तिनं चमचा जोरात मारला, कानाला टोचेल इतका, आणि तेजूनं मान वळवली. दानेश्वरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सुटले, असं ती जवळजवळ बोलून गेली. मग तिच्या ध्यानात आलं, की खिडकीतून येणाऱ्या उन्हात तिच्याच हाताची सावली चिमट्यांवर हलली होती. ती सावलीतून बाजूला झाली. पुन्हा मारला. पुन्हा. 'काय गं, भांडीवालीला बोलावतीस व्हय?' बनाबाई खालून म्हणाल्या. ती थांबली. आपल्याच मुलीच्या पाठीमागं चोरासारखं उभं राहायची तिला लाज वाटली. आणि तेवढ्यात तेजू उठली, चिमटे टाकून लुटुलुटु बाहेरच्या खोलीत पळाली, कारण शेती संपून बातम्यांची धून लागली होती. हे रोजचंच. धून लागली की पोरगी जिथं असेल तिथून पळत येते, हे घरातलं कौतुक होतं, आल्यागेल्याला सांगायचं. दानेश्वरी दारात खिळून उभी राहिली. मग हे काय? हे ऐकू आल्याशिवाय कसं? सासरे टाचेनं ठेका धरत होते. धप, धप, धप. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलेली फळी तिच्या अनवाणी पायाखाली उसळत होती. चिमटे घेऊन तेजू मघाशी सरकत उंबऱ्याशीच येऊन बसली होती. एक पाय फळीवर, एक फरशीवर.

बी.एस्सी.ला तिनं लिहिलं होतं, घन माध्यमातून ध्वनी हवेपेक्षा वेगानं जातो. शेजारी आकृतीही काढली होती, रुळाला कान लावलेला माणूस. सरांनी त्या माणसाच्या नाकाला हसून पूर्ण गुण दिले होते.

दुपारी तेजू तिच्या जागी बसली. टीव्ही एका बुटक्या सागवानी कपाटावर ठेवलेला आहे. त्याच्या आवाजाचं तोंड खालच्या अंगाला, त्यामुळं आवाज आधी लाकडात शिरतो आणि मग खोलीत येतो. कपाटाच्या कडेला टेकून, एक तळहात लाकडावर पसरून बसायचं, हा तेजूचा लाडका छंद. कधी गालही लावायची. मल्लेशनं तसा फोटो काढून सगळ्यांना पाठवला होता, 'गाणं चाखते' असं लिहून. सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले होते. दानेश्वरीनं स्वतः तो फोटो मोबाईलच्या पडद्यावर लावला होता. आता हातात मोबाईल घेताच तो उजळला आणि ते चित्र तिच्याकडं बघू लागलं, गाल लाकडाला, डोळे अर्धे मिटलेले. तिनं फोन पालथा ठेवला. मग पुन्हा सुलटा करून नवऱ्याला लावला. मल्लेशही फौंड्रीतच, आणि फौंड्रीला सुट्टी सोमवारची. आजचा रविवार म्हणजे त्याला इतर दिवसांसारखाच कामाचा दिवस. फोनमधून आधी आला तो खडखडाट, मग तो. 'बोल लवकर. भट्टी उघडलीया.'

'तेजूला,' ती म्हणाली, 'मला वाटतंय तिला ऐकू येत नाही.'

'काय?'

'ऐकू येत नाही तिला.'

'मोठ्यानं बोल की. हितं काय बी ऐकू येईना झालंय.'

तिनं श्वास घेतला. जिन्याचं दार उघडं होतं. खाली बनाबाई तांदूळ निवडत कुणाशी तरी बोलत होत्या. सासरे खुर्चीत होते. मोठ्यानं, म्हणजे किती मोठ्यानं? हे वाक्य ओरडून म्हणायचं वाक्य होतं का? 'काही नाही,' ती ओरडली, 'येताना दूध आणा.' 'आणतो, आणतो. यवढंच व्हय?' तो म्हणाला आणि खडखडाट बंद झाला.

तेव्हाच रविवारच्या त्या खुणांच्या बातम्या लागल्या असाव्यात. ती पोळ्या लाटत होती आणि बाहेर अचानक शांत झाल्यासारखं वाटलं. शांत नव्हतं, कुणीतरी बोलत होतं, पण हळू आणि थांबत थांबत. पडद्यावर निळ्या साडीतली एक बाई हातांनी बातम्या देत होती. कपाळाला बोट, छातीवर मूठ, दोन्ही हात उघडून मोकळे. तिचा चेहरा पूर म्हणताना पूर होत होता आणि निवडणूक म्हणताना निवडणूक. दानेश्वरीला आठवलं माहेरचं घर, सोप्यातला छोटा टीव्ही, रविवारची दुपार. घरात तेव्हाही हीच एक वाहिनी दिसायची. सिनेमाच्या आधी या बातम्या लागायच्या आणि ती आणि धाकटा भाऊ पडद्याशेजारी उभे राहून हातवाऱ्यांची नक्कल करायचे, वेडेवाकडे, भरभर, जीभ बाहेर काढून, हसून हसून गडबडा लोळेपर्यंत. आई, म्हणजे अव्वा, चुलीकडून म्हणायची, 'पुरे करा. असल्याची नक्कल करू न्हाई, पदरात पडतंय.' पडतंय. एवढ्या वर्षांनी तो शब्द तसाच्या तसा, चुलीच्या धुराच्या वासासकट, तिच्या कानाशी येऊन बसला. ती शिकलेली होती. असं काही नसतं हे तिला ठाऊक होतं, ते ती दुसऱ्या कुठल्याही बाईला नीट समजावून सांगू शकली असती. तव्यावरची पोळी करपली. बाहेर तेजूनं कपाटावरचा हात काढला होता. ती पडद्यापासून हातभर अंतरावर, तोंड किंचित उघडं ठेवून, हलायची विसरून बसली होती, आणि तिच्या मांडीवरची बोटं आपोआप उघडत होती, मिटत होती.

दानेश्वरीनं जाऊन वाहिनी बदलली. का ते तिलाही कळलं नाही. 'अगं,' सासरे म्हणाले, 'नॅशनल लाव की.' तेजूनं वळून आईकडं पाहिलं आणि ओठ काढला. तिनं परत नॅशनल लावलं. तोवर ती बाई दोन्ही हात जोडून निरोप घेत होती.

सिनेमा लागला, सासरे घोरू लागले, तेजूही त्यांच्या पायाशी गोधडीवर झोपली. दानेश्वरी कपडे घड्या करत बसली. पडद्यावर एक आई अंगणात उभी राहून हरवलेल्या मुलाला हाका मारत होती, अशा ताकदीनं की डोंगरसुद्धा वळून बघावा, आणि मुलगा वळलाही. हाक. दानेश्वरीच्या डोक्यात तो शब्द घोळत राहिला. पोटुशी असताना ती रात्री पोटावर हात ठेवून बोलायची, मराठीत, आणि एकटी असली की कानडीत, अव्वाच्या ओव्या आठवतील तशा. जन्मल्यावर तर ती सारखीच बोलत होती. हे बघ काऊ. हा बघ अज्जा. आई कुठंय, आई कुठंय? कुठल्या रिकाम्या खोलीत जाऊन पडले असतील ते सगळे शब्द? तेजू हसायची ती मग कशाला? तोंड हलतंय म्हणून, दात दिसताहेत म्हणून. आपल्या मुलीनं आपला आवाज कधी ऐकलेलाच नाही, तिच्या लेखी आई म्हणजे वास आणि हलणारे ओठ. आणि तिला अंगाई म्हटल्याशिवाय झोप येत नाही, असं आपण लोकांना सांगत आलो. तिला छातीशी धरल्याशिवाय झोप येत नव्हती. छाती गात होती म्हणून. दानेश्वरीनं मल्लेशचा शर्ट घडी करता करता तोंडाशी धरला आणि त्यात पुरेसं रडून घेतलं. आवाज झाला असता तरी या खोलीत चाललं असतं. तरी तिनं होऊ दिला नाही.

उद्या सोमवार. मल्लेशला सुट्टी. उद्या कानाच्या डॉक्टरांकडं जायचं, हे तिनं ठरवलं. नंबर लावायला लवकर निघायचं, पाण्याची बाटली घ्यायची, चिमटे घ्यायचे. ठरवल्यावर जरा धीर आला आणि मग तो गेला, कारण जायच्या आधी घरात सांगावं लागणार होतं. मल्लेशला ती रात्री सांगू शकली असती, कुजबुजून. चनबसाप्पांना कुजबुजून काही सांगता येत नव्हतं. घरात कुणी मेलं तरी त्यांना ते ओरडूनच सांगावं लागलं असतं. सासूबाईंच्या वेळी तसंच झालं होतं. मल्लेश वडलांच्या कानाशी ओरडला होता, 'अव्वा गेली,' आणि ती बातमी त्यांच्या आधी सगळ्या बोळाला कळली होती.

संध्याकाळी बातम्यांची धून लागली. टाच पडू लागली. तेजू गोधडीवरून उठून डोळे चोळत कपाटाशी गेली आणि तिनं तळहात ठेवला. दानेश्वरीनं सासऱ्यांना गोळी आणि पाणी दिलं. रिमोट त्यांच्या खुर्चीच्या हातावर होता. एकदा शेवटचं बघायचं, असं तिनं स्वतःला सांगितलं, म्हणजे मग मनात काही राहणार नाही. तिनं रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

खोली इतकी रिकामी झाली की तिला बोळातून जाणाऱ्या सायकलची घंटी ऐकू आली. पडद्यावरचा माणूस बोलत राहिला. चनबसाप्पा पाणी पीत राहिले, पडद्याकडं बघत. तेजूनं कपाटावरचा हात उचलला. त्याच्याकडं पाहिलं. मग झोपलेल्या गुराला उठवावं तशी कपाटाला थाप मारली, एक, दुसरी, आणि वळून आजोबांचा गुडघा हलवला.

'दानव्वा,' चनबसाप्पा लगेच म्हणाले, 'आवाज गेला बघ टीव्हीचा.'

तिला आधी कळलंच नाही. मग तिनं बोटं फिरवून विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

'मला कुठलं कळतंय,' ते म्हणाले आणि हसले. त्यांनी तेजूला उचलून मांडीवर घेतलं. 'ही सांगती की मला. हात काढला की समजायचं, आवाज गेला. माझं गेलं ते गेलं, पण देवानं हिचा कान लई तिखट दिलाय बघ. परवा मल्लेशला म्हटलं, मला आता ते यंत्र-बिंत्र नगं. माझा कान घरात फिरतोय दोन पायांनी.' त्यांनी तेजूच्या कानाची पाळी चिमटीत धरून हलवली. ती खिदळली.

दानेश्वरी उभी राहिली. सासऱ्यांना ती कानडीत मावा म्हणायची. म्हणायचं होतं ते ओठांपर्यंत आलं, मावा, ऐका. आणि तिथंच त्या ऐका शब्दावर अडकलं. ओरडायचं होतं. खाली बनाबाई होत्या, समोरची खिडकी उघडी होती, पेठ संध्याकाळची जागी होती. पण त्या कुणाचं तिला काही नव्हतं. तिला स्वतःला ते आपल्या तोंडून मोठ्यानं ऐकवत नव्हतं. ती त्यांच्यासमोर आली. खुर्चीच्या मागं नव्हे, समोर. तिनं तेजूकडं बोट केलं. मग ते बोट आपल्या कानाशी नेलं आणि पंजा हवेत पुसला.

चनबसाप्पा बघत राहिले. ती खूण त्यांना कुणी कधी दाखवली नव्हती, आणि तरी त्यांना ती विचारावी लागली नाही. इतकी वर्षं पाठीमागं होत असलेली खूण समोरच्या माणसाच्या डोळ्यांत दिसत असते. ती त्यांना पाठ होती. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागचं हललं नाही, नुसतं जुनं झालं. त्यांनी एकदा मान नाही म्हणून हलवली. दानेश्वरीनं पुन्हा तेच केलं, हळू.

त्यांच्या मांडीवरून तेजू आईकडं टक लावून पाहत होती. तिनं बोट कानाशी नेलं. जरा चुकलं, गालाला लागलं. मग तिनं आपला छोटा पंजा उघडला आणि हवेत पुसला, नीट, आईनं पुसला तसा, आणि नवा खेळ जमला म्हणून दोघांकडं आळीपाळीनं बघून मोठ्यानं हसली.

म्हाताऱ्यानं तो पंजा हवेतच धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग ते तिला घेऊन उठले, फळ्यांवर कपाटाशी खाली बसले, तिचा हात होता तिथं परत ठेवला आणि शेजारी आपला ठेवला, काळा, घट्टे पडलेला. 'चालू कर,' ते पडद्याकडं न बघता म्हणाले. 'सगळा कर.' दानेश्वरीनं आवाज शेवटच्या रेघेपर्यंत नेला. बातम्या खोलीभर आदळू लागल्या. खालून बनाबाईंची काठी छताला लागली, एकदा, दोनदा, मग थांबली.

'हाताला लागतंय,' चनबसाप्पा तेजूला म्हणाले.

दानेश्वरी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिनंही तळहात लाकडाला लावला. तिला काही लागेना. तिला फक्त ऐकू येत होतं, कुठल्या तरी शहराचं तापमान, कुठल्या तरी मंत्र्याचा दौरा, शब्द आणि शब्द. मग तिनं हात काढून घेतला, दोन्ही तळहात आपल्या कानांवर घट्ट दाबले, आणि हात उरले नाहीत म्हणून कपाटाला कपाळ टेकवलं. जरा वेळानं, लांबून कुणीतरी चालत यावं तसं, लाकूड थरथरू लागलं.